पदवी होती, औषध नव्हते

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन तारखा पाठोपाठ येतात. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर सातच दिवसांनी, ३१ मार्चला, डॉ. आनंदीबाई जोशी यांची जयंती येते. कॉख बर्लिनच्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू दाखवत होते, तेव्हा आनंदीबाई नवऱ्याच्या नोकरीपायी बंगालमध्ये राहत होत्या आणि त्यांचे सतरावे वर्ष पूर्ण व्हायला आठवडा उरला होता. पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्याच जंतूने पुण्यात त्यांचा जीव घेतला. बाविसावा वाढदिवस त्यांना पाहता आला नाही.

आनंदीबाईंची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी घरोघरी वाचली गेली आणि २०१९ मध्ये आलेला चित्रपटही पुष्कळांनी पाहिला. पण आरोग्याच्या आकडेवारीच्या बाजूने पाहिले की या गोष्टीत एक पेच दिसतो. शिकलेली माणसे न शिकलेल्यांपेक्षा जास्त जगतात, हे जगभरचे आकडे आज ठामपणे सांगतात. बाईच्या शिक्षणाचा फायदा तर तिच्या मुलांनाही मिळतो. मग ज्या काळात या देशात शंभर बायकांमागे एकीलाही धड लिहिता-वाचता येत नव्हते, त्या काळात अमेरिकेतून एम.डी. होऊन आलेली बाई आपल्या निरक्षर मैत्रिणींहून जास्त का जगली नाही?

या प्रश्नाकडे जाण्यासाठी त्यांच्या आयुष्यातली वळणे पुन्हा एकदा पाहावी लागतात.

त्यांचे माहेरचे नाव यमुना. माहेर कल्याणचे. वडील गणपतराव जोशी यांच्या घराण्याने एके काळी बरी श्रीमंती पाहिली होती, ती आता ओसरत चालली होती. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवता आले पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी घातली होती असे सांगतात. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास सुरू झाला. अभ्यासाची गोडी तिला आधीपासून होती असे मुळीच नाही. गोपाळरावांच्या हट्टापुढे आणि धाकापुढे ती शिकत गेली.

हा धाक साधा नव्हता. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. लहानपणी लाकडाने मारणे, खुर्च्या अंगावर फेकणे हे सारे त्यात आहे. बायकोला शिकवणारा सुधारक आणि शिकत नाही म्हणून तिच्यावर हात उगारणारा नवरा हे दोघेही एकाच माणसात होते. या दोहोंपैकी एकच गोपाळराव निवडून गोष्ट सांगितली, की ती सोयीची होते पण खरी राहत नाही.

जेमतेम चौदा वर्षांची असताना आनंदी आई झाली. मुलगा दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही रुखरुख तिच्या मनातून कधी गेली नाही. डॉक्टर होण्याच्या तिच्या निश्चयाचे मूळ इथे आहे, असे तिचे सगळेच चरित्रकार मानतात.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा नवजात मृत्यू. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारा. आजही भारतात पाच वर्षांच्या आत जी मुले दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक याच काळात जातात. अकाली जन्म, कमी वजन, जन्मताना श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग ही त्याची मुख्य कारणे. आई स्वतःच मूल असेल तर यांतल्या बहुतेक गोष्टींचा धोका वाढतो. चौदाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते आणि पोटातल्या बाळाला त्याच तुटपुंज्या शिदोरीत वाटेकरी व्हावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतात जन्मलेल्या बाळाचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. याचा अर्थ माणसे पंचविशीत म्हातारी होऊन मरत असे नव्हे. साठी-सत्तरी गाठणारी माणसे तेव्हाही होतीच. पण जन्मलेल्यांपैकी इतकी मुले पहिल्या काही वर्षांत जात, की सरासरी खाली ओढली जाई. आनंदीबाईंचा दहा दिवसांचा मुलगा त्या सरासरीतला एक आकडा होता आणि काही वर्षांनी त्या स्वतः दुसरा आकडा झाल्या.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भूज आणि शेवटी बंगाल. कोल्हापुरात असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, तिथे मला काही काम मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डर यांनी धर्मांतराचा आग्रह धरला आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई एके दिवशी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या जुन्या अंकात ती पत्रे त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढच्या साऱ्या घटना या एका योगायोगाला लटकलेल्या आहेत. दातदुखी नसती तर कदाचित हा लेखही नसता.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे. अठराव्या वर्षात असलेली मुलगी परक्या भाषेत, मुख्यतः पुरुषांच्या सभेत, आपण अमेरिकेला का जातो आहोत हे समजावून सांगत होती. मुद्दा सरळ होता. या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे आजार उघड करीत नाहीत, आणि बायकांना तपासणाऱ्या देशी स्त्री-डॉक्टर नाहीत. त्यामुळे आजार अंगावर काढला जातो आणि बाई मरते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी तिथे सांगून टाकले.

आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हे निदान अचूक होते. मृत्यू फक्त रोगाने येत नाही. रोग आणि उपचार यांच्यामध्ये किती अंतर आहे, यावरही तो ठरतो. हे अंतर मैलांचे असते, पैशाचे असते आणि लाजेचेही असते. तिसऱ्या प्रकारचे अंतर बाईच्या वाट्याला अधिक येते. आनंदीबाई एकट्याच हे बोलत होत्या असे नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभा राहिला, आणि १८८६ मध्ये मुंबईत खास बायका-मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. पण या साऱ्याआधी, अंगावरचे दागिने विकून, एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या होत्या. नवरा सोबत नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्क आले आणि धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. मुलींना वैद्यक शिकवणारे हे कॉलेज १८५० साली सुरू झाले होते. प्राचार्या रेचल बॉडली यांनी या मुलीला अखेरपर्यंत जीव लावला. तीन वर्षांचा अभ्यास आनंदीबाईंनी वेळेत पुरा केला. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या परंपरेतील प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या बाईने दुसरा कोणता विषय निवडला असता? ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला.

या तीन वर्षांत शरीराचे काय चालले होते, हे पाहिले पाहिजे. फिलाडेल्फियाचा हिवाळा त्यांच्या अंगाला नवा होता. त्या शाकाहारी होत्या आणि बराच काळ आपले जेवण स्वतः शिजवत. लुगडे सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी पाय झाकले जातील अशी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. बर्फात ती कितीशी पुरणार? तब्येत वरचेवर बिघडू लागली. खोकला, ताप, अशक्तपणा. पदवी हातात येईपर्यंत छातीतला रोग मुरला होता.

क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षय झालाच असे नसते. बहुतेक माणसांत शरीर त्याला कोंडून ठेवते आणि तो वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो. अन्न कमी पडले, शरीर थकले, प्रतिकारशक्ती घटली की तो डोके वर काढतो. अन्नाचा वाटा किती मोठा आहे, हे झारखंडमध्ये झालेल्या एका चाचणीने अलीकडेच दाखवले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा पौष्टिक शिधा दिला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. नवे औषध नाही, नवी लस नाही. भात आणि डाळ.

आता पेचाकडे वळू. १८८७ साली क्षयावर औषध नव्हते. जंतू माहीत होता, पण त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. बीसीजी लस माणसाला प्रथम टोचली गेली ती १९२१ मध्ये. म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांना आपल्या रोगाचे नाव, लक्षणे आणि शेवट हे सारे माहीत होते, पण त्या ज्ञानाचा स्वतःसाठी काही उपयोग करता येण्यासारखा नव्हता. पुस्तकी शिक्षण जास्तीत जास्त असूनही त्या आणि पुण्यातल्या एखाद्या वाड्यातली निरक्षर क्षयरोगी बाई क्षयापुढे जवळजवळ सारख्याच निःशस्त्र होत्या.

हा माझा तर्क नाही. सॅम्युएल प्रेस्टन आणि मायकेल हेन्स या अभ्यासकांनी १९०० सालच्या अमेरिकी जनगणनेच्या नोंदींतून त्या काळातले बालमृत्यू अभ्यासले. डॉक्टरांची मुले इतरांपेक्षा पुष्कळच कमी मरत असतील, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात फरक नाममात्र निघाला. घरात वैद्यकीय ज्ञान होते, पैसाही होता, पण त्या ज्ञानात मुलांना वाचवणारे फारसे काही नव्हते. जंतूंचे शास्त्र रुजले, हात धुणे, दूध उकळणे, आजारी माणसाला वेगळे ठेवणे हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडले, आणि मग पुढच्या पिढीत त्यांच्या मुलांचे मृत्यू इतरांपेक्षा ठळकपणे कमी झाले.

ब्रूस लिंक आणि जो फेलन या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये यातून एक व्यापक सूत्र मांडले. एखाद्या रोगावर उपाय नसतो तोवर शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातली दरी लहान असते. उपाय सापडला की ती रुंदावते, कारण तो उपाय शिकलेल्या, पैसेवाल्या, ओळखीपाळखी असलेल्या माणसाच्या हाती आधी पडतो. विचित्र वाटते, पण विज्ञान पुढे गेले की विषमताही वाढू शकते. अर्थात आनंदीबाईंच्या काळी दरी अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. दाटीवाटीच्या कोंदट खोलीत राहणाऱ्या अर्धपोटी माणसाला क्षय अधिक गाठे, आणि औषध येण्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू घटू लागले होते. पण अन्न आणि हवा विकत घेता येत होती ती पैशाने, पदवीने नव्हे. आणि आनंदीबाईंकडे पैसा कधीच नव्हता.

आज परिस्थिती उलटी आहे. उपाय आहेत, म्हणून दरीही आहे. ती किती मोठी, हे भारतातल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसते. आपल्याकडे बहुतेक मृत्यू घरी होतात आणि दाखल्यावर कारण नीट लिहिलेले नसते. म्हणून महानिबंधक कार्यालयाच्या मदतीने ‘मिलियन डेथ स्टडी’ हा प्रचंड उपक्रम उभा राहिला. प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन विचारतात. कोण गेले, वय काय, आधी काय त्रास होत होता, शिक्षण किती. त्या हकिकतीवरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्रही शिरूर भागात वढू बुद्रुक परिसरातल्या बावीस गावांत वर्षानुवर्षे जन्म-मृत्यूंची अशीच बारकाईने नोंद ठेवते.

टाटा मेमोरियलचे डॉ. राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी ११ लाख घरांतल्या माहितीतून कर्करोगाचे मृत्यू वेगळे काढले. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तीस ते सत्तर या वयोगटात निरक्षर पुरुषांत लाखामागे सुमारे १०७ मृत्यू होते, सर्वाधिक शिकलेल्या पुरुषांत ४६. बायकांत हेच आकडे १०७ आणि ४३. दोन्हीकडे दुपटीहून अधिक फरक. आकडे बाई आणि पुरुषांचे जवळजवळ सारखे, पण आत डोकावले तर कारणे वेगळी. पुरुषांत तोंडाचा, जठराचा आणि फुप्फुसाचा कर्करोग. म्हणजे बराचसा तंबाखूचा प्रताप. बायकांत गर्भाशयमुखाचा, जठराचा आणि स्तनाचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर वेळेवर तपासणी झाली तर टाळता येणारा. तपासणी न होण्यामागचे कारण शोधायला गेलो, की श्रीरामपूरच्या त्या भाषणापाशीच आपण परत येतो. बाई आपला आजार सांगत नाही, आणि सांगितला तर ऐकणारे जवळ कुणी नसते.

शिक्षणाने सगळेच आजार दूर राहतात असा मात्र समज नको. स्तनाचा कर्करोग खेड्यांपेक्षा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अधिक आढळतो. उशिरा मूल, कमी मुले, कमी स्तनपान, वाढते वजन ही त्यामागची कारणे, आणि यांतली बरीच शिक्षणाबरोबरच आलेली. शिकलेल्या बाईला हा रोग होण्याचा संभव काहीसा अधिक असतो. फक्त गाठ हाताला लागल्यावर ती किती दिवसांत डॉक्टरकडे पोहोचते, इथे तिचे शिक्षण कामी येते.

हृदयविकाराचे असेच काहीसे आहे. भारतासह अनेक देशांत दीर्घकाळ चाललेल्या ‘प्युअर’ अभ्यासाचे २०१९ मधले निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. गरीब देशांतल्या कमी शिकलेल्या लोकांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे धोक्याचे घटक एकूणात काही फार वाईट नव्हते, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू शिकलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक होते. झटका आल्यावर मिळणाऱ्या उपचारांतला फरक हे त्याचे मोठे कारण.

स्त्री-पुरुषांचा हिशेब मांडायचा तर भारताचा इतिहास वेगळाच आहे. जगात बहुतेक ठिकाणी बायका पुरुषांहून जास्त जगतात. आपल्याकडे १९७०-७५ मध्येही पुरुषांचे आयुर्मान साडेपन्नास वर्षे आणि बायकांचे एकोणपन्नास होते. बाळंतपणातले मृत्यू आणि मुलींच्या ताटात कमी पडणारा घास यांनी निसर्गाने दिलेली आघाडी खाऊन टाकली होती. ऐंशीच्या दशकात बायका बरोबरीला आल्या. २०१६-२० च्या आकड्यांत पुरुष ६८.६ वर्षे आणि बायका ७१.४ वर्षे. महाराष्ट्रात बाळंतपणातले मृत्यू २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले. केरळनंतर देशातला हा सर्वांत कमी आकडा.

या सुधारणेत दवाखान्यांचा वाटा किती आणि शाळांचा किती? १९७९ मध्ये जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियातल्या अभ्यासातून दाखवले, की नवऱ्याचे उत्पन्न, दवाखान्याचे अंतर हे सारे सारखे धरले तरी शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासाने हिशेब मांडला. १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील मुलांचे वर्षाला होणारे मृत्यू ८२ लाखांनी घटले, आणि त्यांतले ४२ लाख वाचण्याचे श्रेय स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाला जाते. निम्म्याहून अधिक. प्रौढांबद्दलचा ताजा अंदाज २०२४ चा आहे. शिक्षणाचे प्रत्येक वर्ष मृत्यूचा धोका सरासरी १.९ टक्क्यांनी कमी करते, आणि हा फायदा स्त्री-पुरुष दोघांनाही साधारण सारखाच होतो.

मुलगी शाळेत राहते तेव्हा घडणारी पहिली गोष्ट अगदी साधी असते. तिचे लग्न लांबते. चौदाव्या वर्षी ती आई होत नाही. पुढच्या गोष्टी नंतर येतात. औषधाच्या चिठ्ठीवरचा मजकूर वाचणे, डॉक्टरला उलट प्रश्न विचारणे, बाळाचा श्वास फुलला तर सासूबाईंच्या होकाराची वाट न पाहता रिक्षा थांबवणे.

आनंदीबाईंना यातले पहिले मिळाले नाही. त्यांचे शिक्षण लग्नानंतर, बाळंतपणानंतर आणि मारासकट आले. त्यांच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, मुंबईत दुसरी एक मुलगी जन्मली होती. रखमाबाई. तिचेही लग्न अकराव्या वर्षी लावले गेले, पण ती नांदायला गेलीच नाही. त्यासाठी तिने कोर्टात लढाई दिली, मग लंडनला जाऊन वैद्यक शिकली, सुरत आणि राजकोटच्या रुग्णालयांत आयुष्यभर बायकांना तपासले आणि १९५५ मध्ये, नव्वदीत, गेली. दोघी चार महिन्यांच्या अंतराने जन्मल्या आणि अडुसष्ट वर्षांच्या अंतराने गेल्या. दोन माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि क्षयाचा जंतू कुणाच्या फुप्फुसात शिरावा यात नशिबाचा भाग असतोच. तरीही या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला त्यांवरून नजर हटवता येत नाही.

पदवी मिळाली त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. त्यांनी ती स्वीकारली. ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांसह त्या न्यूयॉर्कहून निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या. तोवर उभे राहण्याचीही शक्ती उरली नव्हती. कोल्हापूरला जाणे शक्यच नव्हते. उपचारांसाठी त्यांना पुण्यात आणले गेले आणि वैद्यांची औषधे सुरू झाली. आधुनिक वैद्यकाची पदवीधर बाई शेवटी पारंपरिक औषधांवर होती, याबद्दल कुणी नाक मुरडू नये. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या प्राध्यापकांकडेही याहून परिणामकारक काही नव्हते. तीन महिन्यांत सारे संपले. ज्या कामासाठी त्या सात समुद्र ओलांडून गेल्या, त्या कामाचा एकही दिवस त्यांना मिळाला नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.

भारतात आजही दर वर्षी सुमारे २७-२८ लाख लोकांना नव्याने क्षय होतो आणि तीन लाखांहून अधिक मरतात. रुग्णांत पुरुष बायकांपेक्षा बरेच अधिक, त्याला तंबाखू, दारू आणि कामाच्या ठिकाणची धूळ-दाटी जबाबदार. बायकांची अडचण निराळी. लग्न मोडेल, सासरचे परत पाठवतील या भीतीने मुली खोकला लपवतात. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, साध्या क्षयावरची सहा महिन्यांची औषधे फुकट मिळतात आणि आहारासाठी दरमहा पैसेही खात्यात जमा होतात. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम यांपैकी काहीही घरात कुणाला असेल, विशेषतः कुणी मुलगी ते सांगायला कचरत असेल, तर तिला आधी तपासणीला न्यावे. औषधे सुरू झाली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. सहा महिने पुरे करायचे असतात.

कोल्हापूरच्या त्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाला आज लोक सीपीआर म्हणतात, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. भाऊसिंगजी रोडवरची ती जुनी दगडी इमारत अजून वापरात आहे.